एकाने भरायची, दुसऱ्याने निवडायची

“ही नको. ती दे.”

“दोन्हींत एकच पाणी आहे.”

“मग ती द्यायला एवढं का जिवावर आलंय?”

खारटने डाव्या हातातली बाटली मागे घेतली आणि उजव्या हातातली पुढे केली. तशी भोंगाबाईचं मन फिरलं आणि तिला डावीच हवी झाली. हद्दीची खूण म्हणून तरंगणाऱ्या लाल बोयाच्या दोन अंगांना दोन लाँच बांधलेल्या, मध्ये हातभर पाणी, आणि त्या हातभर पाण्यावरून ही दोघं महिन्यातून एकदा अशी भांडायची. बोयाच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा, आखात मात्र दोघांचं. सरकारं दोन झाली तरी शिव्या एकच राहिल्या होत्या, त्यामुळे दुभाष्याचा खर्च वाचे.

शेवटी तिने डावी घेतली, बूच काढून हुंगली, उन्हात धरून हलवली आणि आपल्या पेटीत ठेवली. मग तिने आपल्या दोन पुढे केल्या. खारटने मुद्दाम वेळ लावला. आधी चष्मा पुसला. मग न पुसलेल्या बाजूने पुन्हा पुसला.

“मुहूर्त बघतोस काय, गंजक्या खिळ्या?”

“तुझ्या हातचं आहे. बाटलीसुद्धा घाबरली असेल, तिला जरा सावरू दे.”

या सोहळ्याला शेजारी देशांच्या सागरी परिषदेच्या अहवालात ‘सौहार्दपूर्ण देवाणघेवाण’ म्हणत.

पूर्वी असं नव्हतं. परिषदेने ठरवलं होतं की ज्याने त्याने आपल्या किनाऱ्याचं पाणी तपासावं आणि त्यात किती तेल, किती घाण, ते शेजाऱ्याला कळवावं. पहिल्या वर्षी दोन्ही देशांनी कळवलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यात तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी, आणि त्याच पाण्यात मासे पोट वर करून तरंगत होते. तेव्हा कुणा शहाण्याने नियम केला. आपल्या किनाऱ्याचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं, हद्दीवरच्या बोयाशी यायचं, आणि दोनांतली एक पलीकडच्याने उचलायची. ती त्यांच्याकडे तपासली जाणार, उरलेली आपल्याकडे. एकाने भरायची, दुसऱ्याने निवडायची. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे घालायचे आणि दुसऱ्याने उचलायचे, तोच न्याय.

या न्यायाला दोन चांगली माणसं लागत नाहीत. दोन वाईट माणसं लागतात, आणि ती एकमेकांना पाण्यात पाहणारी हवीत. परिषदेचं नशीब थोर, तिला तशी मिळाली.

खारट हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण जन्मभर समुद्राचे नमुने भरून त्याची जीभ आणि स्वभाव दोन्ही त्या चवीचे झाले होते. त्याच्या घरी दह्याला विरजण लागत नसे. तो सकाळी पातेल्यात डोकावून गेला की दुपारपर्यंत दही लागलेलं असे, आणि बायको म्हणे, नवऱ्याचा तेवढा तरी उपयोग. भोंगाबाईची कीर्ती याहून मोठी. एकदा ती पलीकडच्या धक्क्यावर नुसती शिंकली, तर एक मालवाहू जहाज सुटायचा इशारा समजून दोर सोडून निघालं, आणि आखाताच्या मध्यावर पोचल्यावर कप्तानाच्या ध्यानात आलं की माल अजून धक्क्यावरच आहे. ज्याने हे सांगितलं तो त्या जहाजावर स्वयंपाकी होता. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

तिची गाठ मारायची पद्धतही खारटला डोळ्यांसमोर नको होई. दोर एवढे वेडेवाकडे गुंडाळायची की त्याला वाटे, हिने वेणी घालताना कुणी हाक मारली असणार. आणि त्याच्या सरळ, नीटस गाठीकडे बघून ती म्हणे, “गाठ आहे की सरकारी अर्ज?”

वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांची एक चूक सापडावी म्हणून जीव टाकला, आणि दोघांनाही ती सापडली नाही. दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे जुळत आले. दुसऱ्या कुणी याला विश्वास म्हटलं असतं. खारटला कुणी तसं म्हटलं असतं तर त्याने त्याला बोयावरून ढकलून दिलं असतं.

घरी तरी काय वेगळं होतं? बापाच्या घराची वाटणी याच न्यायाने झालेली. मध्ये भिंत खारटने घातली, बाजू ताईने निवडली. तिने समुद्राकडची घेतली, कारण तिचा धंदा समुद्रात. किनाऱ्यापासून थोडं आत तिचे तराफे होते. त्यांना दोऱ्या लोंबत आणि दोऱ्यांना शिंपले धरत. शिंपले काढायचे, विकायचे, त्यावर तिने नवऱ्यामागे संसार ओढला.

मग एका वर्षी खारटच्या बाटलीत तेल निघालं. भोंगाबाईच्या लोकांनीही तोच आकडा काढला, आणि त्या हंगामात शिंपल्यांची विक्री बंद झाली. नेमका तोच हंगाम ताईने कर्ज काढून धरला होता. ती भिंतीशी येऊन एवढंच म्हणाली, “तू माझा भाऊ नाहीस. बाटलीचा भाऊ आहेस.” त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. फक्त रिकामे शिंपले भिंतीवरून त्याच्या अंगणात टाकी. खारट झाडी, ती टाकी. काही सांगायचंच झालं तर निरोप खारटच्या बायकोमार्फत जात. बिचारी दोन्ही बाजूंचे शब्द ऐकून घेई आणि निम्मे गाळून पोचवी. तिला ठाऊक होतं, सगळे पोचवले तर भिंत उभी राहायची नाही.

तर अशा या सुरळीत चाललेल्या शत्रुत्वात मैत्री घुसली.

आखाताच्या तळातून तेलाची एक नळी जाई. अर्धी या देशाची, अर्धी त्या देशाची. ती कुठेतरी झिरपू लागली होती. खारटला हे दोन सकाळींपासून ठाऊक होतं. नमुना तो ताईच्या तराफ्यांपाशीच भरी; तिथल्या दोऱ्यांवर हात फिरवला की बोटांना चिकट लागे. पण नेमकं त्याच सुमाराला दोन्हीकडच्या साहेबांचं गूळपीठ जमलं होतं. बोयापाशी समारंभ ठरला, परिषदेचं पांढरं जहाज येणार, त्याच्यावर तिसऱ्याच देशाची प्रयोगशाळा, बाटल्यांची अदलाबदल पाहुण्यांसमोर, तपासणी लगेच, आणि मग आखात निर्मळ झाल्याची घोषणा. त्यावर जेवण. जेवणाला शिंपले, आणि शिंपले ताईचे.

संचालकसाहेबांनी खारटला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. खारट तेव्हाच समजला की काहीतरी भयंकर आहे, कारण त्या खुर्चीवर त्याला आजवर कुणी बसवलं नव्हतं. साहेबांनी टेबलाखालून दोन बाटल्या काढल्या. भरलेल्या, बूच लावलेल्या, पाणी आरशासारखं.

“समारंभात गडबड नको, म्हणून तयारच ठेवल्यात,” साहेब म्हणाले. “नळाचं पाणी, बेताचं मीठ.”

खारट म्हणाला, ती बाई निवडते. हुंगते.

साहेब हसले. म्हणाले, तिलाही सांगितलंय. तिच्याकडेही तयारच आहेत. सगळं दोन्ही बाजूंनी ठरलंय, यालाच सहकार्य म्हणतात. आणि त्या दिवशी जरा हसा हो, फोटो सगळ्या देशांत जाणार आहेत.

खारट बाटल्या घेऊन घरी आला. त्याला राग आला होता, पण राग कसला ते नीट कळेना. साहेब खोटं बोलतात याचा नव्हता. साहेब दुसरं काय करणार? राग होता तो भोंगाबाई कबूल झाली याचा. इतकी वर्षं मन लावून जिचा द्वेष केला, ती बाई अशी स्वस्तात गेली.

अंगणात पाऊल टाकलं आणि तो थबकला. अंगणात शिंपले नव्हते. आणि भिंतीपलीकडे ताई उभी होती.

“बाटलीवाल्या,” ती म्हणाली. “माझे शिंपले घेतलेत त्यांनी. सगळे. ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“जेवणाच्या दुसऱ्या दिवसापासून बाजारही उघडणार. साहेबांचा माणूस सांगून गेला.”

खारटने बाटल्या पायरीवर ठेवल्या. “ताई, दोऱ्यांना तेल आहे.”

“मला नाक नाही का? आहे थोडं. धुऊन निघेल. साहेबलोक खाणारेत, लिंबू पिळून खातील.”

“त्यांचं मला काही नाही. पण दुसऱ्या दिवशी बाजारात कोण घेणार? आपल्याच गल्लीतली पोरं खाणार ना?”

ताई भिंतीवरचा पोपडा नखाने काढत राहिली. मग म्हणाली, “म्हातारी झाले मी. तराफे ओढवत नाहीत. हा एक हंगाम लागला तर विकून मोकळी होते. एवढ्या एका दिवशी माझा भाऊ हो. मग पुन्हा खुशाल बाटलीचा हो.”

ती आत गेली. थोड्या वेळाने भिंतीवरून एक ताट आलं, झाकलेलं. खारटच्या बायकोने ते घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसले. म्हणाली, “अहो, वन्सं बोलल्या. काय हवं ते करा, पण आता ही भिंत परत नका उंच करू.”

खारट जेवला. ताटात काय होतं ते विचाराल तर त्याला सांगता आलं नसतं.

समारंभाच्या सकाळी तो नेहमीच्या वेळी लाँच घेऊन निघाला. साहेबांच्या बाटल्या पेटीत होत्या. तराफ्यांपाशी लाँच आपोआप थांबली. घोडा पाणवठ्यावर थांबतो तशी ती जुनी लाँच तिथे थांबे, असं म्हणत. इंजिन बंद करणारा हात खारटचाच असे, ही गोष्ट वेगळी. त्याने वाकून दोन बाटल्या भरल्या. पाण्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखे रंग होते. बुचं लावली आणि त्या पेटीच्या तळाशी ठेवल्या. वर फळी, फळीवर साहेबांच्या. कशाला भरल्या, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सवय म्हणून सांगितलं असतं. मनाशी त्याने ठरवलं होतं की द्यायच्या त्या वरच्याच. आपण एकट्याने समुद्राचं पाणी दिलं आणि तिने नळाचं, तर उद्या सगळ्या जगात घाण फक्त आपल्याच किनाऱ्याची. त्यात भोंगाबाई आयुष्यभर हसणार. त्यापेक्षा ताईचं भलं झालेलं काय वाईट?

बोयाला त्या दिवशी रंग दिला होता. दोन्ही संचालक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि फोटोवाल्यांना नीट न दिसल्यामुळे पुन्हा मारत होते. पांढऱ्या जहाजाच्या कठड्याशी पाहुणे दाटले होते.

भोंगाबाई आली ती इस्त्रीच्या कपड्यांत. तिने खारटकडे पाहिलं आणि ती हसली.

ती कुणाकडे हसली ते बघायला खारटने मागे वळून पाहिलं.

“नमस्कार,” ती म्हणाली. “कसे आहात आपण?”

‘आपण’ ऐकून त्याला शेकडो शिव्यांनी वाटलं नसतं तेवढं वाईट वाटलं. संपलं, त्याला वाटलं. ही बाई गेली. आणि त्याबरोबर थोडं हलकंही वाटलं. आता प्रश्नच उरला नव्हता. त्यानेही ओठ ताणले. बायको नंतर फोटो बघून म्हणाली, दाढ काढताना दिसता तसे दिसताय. त्याने वरच्या दोन बाटल्या काढून पुढे केल्या. साहेबांनी मान डोलावली. आता तिने हसत एक घ्यायची, की झालं.

तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. वर्षानुवर्षांचा हात तो. डावीकडे गेला, उजवीकडे गेला. मग तिने एकीचं बूच काढलं आणि हुंगलं.

तिच्या साहेबांनी घसा खाकरला. तिने लक्ष दिलं नाही. ती पुढे वाकली, दोन लाँचच्या मधल्या पाण्यावर, इतकी की तिचं तोंड खारटच्या कानाशी आलं. तिच्या घशातून इतका बारीक आवाज निघू शकतो हे त्या आखातात कुणाला माहीत नव्हतं.

“माझ्याही वरच्या अशाच आहेत,” ती म्हणाली. “खालच्या काढ.”

“खाली काही नाही.”

“गंजक्या खिळ्या, तुला मी ओळखत नाही? तू आलास आणि खाली काही नाही, असं होणारच नाही. मेलास तरी दोन भरून मरशील.”

खारटला इतक्या वर्षांत इतकं चांगलं कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि ते या बाईने म्हणावं याचा त्याला संताप आला. नजर आपोआप किनाऱ्याकडे गेली. तराफ्यांवर ताई शिंपल्यांच्या टोपल्या भरत होती. इतक्या लांबूनही तिची पाठ ओळखू येत होती. ती मध्येच सरळ होऊन बोयाकडे बघत होती.

‘नाही’ म्हणायला काही लागत नव्हतं. नुसतं पुन्हा हसायचं होतं.

त्याने फळी उचलली.

त्यानंतर जे झालं ते आखाताच्या इतिहासात नाही, कारण इतिहास साहेब लिहितात. भोंगाबाईने वरच्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि खऱ्या आवाजात ओरडली, की या माणसाच्या हातचं पाणी न निवडता घेण्याइतकी मी वेडी नाही. पांढऱ्या जहाजावरच्या तीन टोप्या उडाल्या म्हणतात. खारट म्हणाला, तुझ्या बाटलीला हात लावायच्या आधी मी हातमोजे मागवतो. साहेब मध्ये पडू लागले, पण फोटोवाल्यांना इतका वेळ नुसत्या मिठ्या मिळाल्या होत्या. ते साहेबांना सारून पुढे आले. त्या गदारोळात खालच्या बाटल्या वर आल्या, निवडल्या गेल्या, हुंगल्या गेल्या, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत जहाजावर पोचल्या. भोंगाबाईच्या बाटलीतही पिसारा होता.

दुपारी निकाल वाचला गेला. दोन्ही किनाऱ्यांवर तेल, आकडे जवळपास सारखे. जेवणातून शिंपले वगळले. नळी बंद केली, तराफ्यांना सील लागलं. परिषदेने दोन्ही देशांच्या निर्भीड पारदर्शकतेचं कौतुक केलं आणि दोन्ही संचालकांना पदकं दिली. पदकं मिळालेल्या माणसांना शिक्षा करायची घाई नसते. त्यांनी समारंभाची आठवण विरू दिली, आणि मग खारटला रिकाम्या बाटल्यांच्या गुदामात बसवलं. भोंगाबाईची बदली पुढच्या हंगामापासून डोंगरातल्या कुठल्याशा कचेरीत ठरली, जिथून समुद्र चढूनही दिसत नाही. बोयावरची अदलाबदल थांबली. आता दोन्हीकडचे लोक आपापल्या खोलीत बसून यंत्रावर आकडे टाकतात आणि क्षणात एकमेकांना पाठवतात. पाणी पुन्हा तान्ह्या बाळाला अंघोळ घालण्याजोगं झालं आहे.

ताईने निकालाच्या दिवशी सगळ्या टोपल्या भिंतीवरून ओतल्या. अंगण बंद कवचांनी भरलं. त्यांतला प्राणी मेला, कवचं उघडली, आणि गल्लीभर वास सुटला. खारटने ते गाडीवर भरून लांब पुरले. बायकोने ताईचं ते ताट घासून भिंतीवर ठेवलं. ते तिथेच राहिलं, आणि पुढे वाऱ्याने पडलं.

अदलाबदल थांबली त्याच्या पुढच्या महिन्यात, बाटल्यांच्या ठरल्या दिवशी, खारटने गुदामातून सुट्टी घेतली. ओळखीच्या कोळ्याची होडी मागितली आणि बोयापर्यंत वल्हवत गेला. का, ते कोळ्याने विचारलं नाही. खारटला विचारून काही मिळत नाही, हे कोळ्याला ठाऊक होतं.

बोयाच्या कडीला दोन बाटल्या बांधलेल्या होत्या. भरलेल्या. गाठ इतकी घाणेरडी होती की सोडवताना त्याने तिच्या सात पिढ्या काढल्या. मग त्याने चष्मा पुसला. एक बाटली उन्हात धरली, दुसरी धरली. पुन्हा पहिली. आपली चालढकल बघायला पलीकडे कुणी नाही, हे त्याला मान्य नव्हतं. शेवटी उजवी घेतली, हुंगली, आणि डावी पुन्हा कडीला बांधली. सरळ, नीटस गाठीने.

परतताना तो ताईच्या तराफ्यांपाशी थांबला. सील होतं, पण दोऱ्या पाण्यात होत्या. त्याने दोन बाटल्या भरल्या. घरी येऊन त्या भिंतीवर ठेवल्या, मध्ये हातभर अंतर सोडून.

“ताई,” तो म्हणाला. “भरल्यात.”

थोड्या वेळाने एक शिंपला भिंतीवरून आला आणि त्याच्या पायाशी पडला.

बायको म्हणाली, “अहो, बाटल्या आत आणा, मांजर पाडेल.” खारट म्हणाला, “राहू देत.”

सकाळी तो केरसुणी घेऊन अंगणात आला. भिंतीवर एकच बाटली होती. डावी तिने नेली होती.